हिरव्या बांगडीचा दाखला

१

महालक्ष्म्या उठल्या होत्या. मुखवटे टोपलीत निजले, पितळी हात फडक्यात गेले आणि दोन्ही जावांचे दागिने धुऊन आपापल्या डब्यांत परतले. केदारखेड्याच्या त्या घराची रीतच होती. थोरल्या देवीच्या अंगावर थोरल्या सुनेचं सोनं चढायचं, धाकटीच्या अंगावर धाकटीचं. उतरवायचं आणि धुवायचं मात्र थोरलीनंच.

धाकटी सून द्वारका डबा घेऊन ओसरीवर आली. हिरवी बांगडी काढून तिनं उन्हात धरली आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

बांगडी जेडची होती. अखंड दगडाची, सांधा नसलेली, श्रावणातल्या बांधासारखी हिरवीगार. द्वारकेचा नवरा धर्मराज राजूरला बी-बियाण्याचं दुकान चालवी. बियाण्याच्या एका कंपनीनं भरपूर माल खपवणाऱ्या दुकानदारांना बँकॉक दाखवून आणलं, तेव्हा त्यानं ती आणली होती. सोबत तिथल्या तपासणीचा छापील दाखला होता, फोटोसकट. संक्रांतीपासून गावातलं एकही हळदी-कुंकू द्वारकेनं त्या बांगडीवाचून केलं नव्हतं.

आता हातात होतं ते ताकात भिजलेल्या देठासारखं. फिकट, ढगाळ, मधूनच पांढरं.

“ही माजी न्हाई,” ती पुटपुटली. मग घर हादरेल अशी ओरडली, “माजी बांगडी बदलली!”

सासू साळूबाई धावत आल्या. “अगं, वल लागली असंल.”

“दगडाला वल लागती का, आत्याबाई? दाखल्यावर लिवलंय, खरा दगड है. खऱ्याचा रंग जात नसतो.” द्वारका स्वयंपाकघराकडं वळली. “जाऊबाई, पहिल्या दिसापासून ती तुमच्या डोळ्यांत सलत व्हती. मागितली असती तर एक दिवस घालाया दिली असती की!”

“तुजी उतरल्याली घालू व्हय मी?” चुलीपुढून थोरली, गिरिजाबाई, एवढंच म्हणाली.

साळूबाईंनी निवाडा दिला. थोरलीनं चतुर्थीला राजूरला जायचं, गणपतीच्या पायावरचं फूल उचलायचं आणि म्हणायचं, बांगडीला मी काही केलं नाही. फूल उचललं की विषय मिटला. नाही उचललं, तर माहेरची वाट.

निर्दोष बाई अशा वेळी पदर खोचून पुढं येते. गिरिजाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली.

“फूल म्या उचलणार न्हाई,” ती म्हणाली.

२

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं प्रभावती उतरली. ती जालन्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. राजूरच्या शाळेत ती आणि गिरिजा एका बाकावर बसत. तो बाक सोडल्यावर दोघींच्या वाटा दोन दिशांना गेल्या, पण अडल्या वेळी हाक मारायला गिरिजाला तेवढंच नाव आठवलं होतं.

साळूबाईंनी चहा केला. घरच्यांना कपबशा आल्या, प्रभावतीला काचेचा ग्लास. प्रभावतीनं ग्लासाकडं पाहिलं, चहा संपवला, आणि मैत्रिणीमागोमाग परसात गेली.

“घेतलीस का?”

“न्हाई.”

“बदललीस?”

“न्हाई गं, प्रभे. तुझ्या गळ्याची आण.”

“माझ्या गळ्याची घेतेस, तर गणपतीची का नाही?”

गिरिजा हौदाच्या कडेला बसली. पाण्यात बोट फिरवत राहिली. लहानपणी ती आईच्या जात्याला हात लावायची तेव्हा ओव्या तिच्या ओठांवर आपोआप यायच्या. आताही आली, पण कडू होऊन:

*जावाजावांचं नातं, एका ताटातलं मीठ,*
*चिमूट इकडं जास्त, तिकडं कडू होई पीठ.*

“तुला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “ती बांगडी घालून भाकरी थापायची. मुद्दाम. परातीवर टक-टक वाजायची. आमचे हे शेतातून यायचे, हात धुयाचे, जेवायचे, झोपायचे. आन् माझ्या कानात रातभर टक-टक. माझ्या लग्नाला इतकी वर्सं झाली, ह्या माणसानं मला बाजारातून गजरा आणला न्हाई. मागायची लाज वाटती, आन् न मागता देणारा दुसरीच्या पदरात.”

 प्रभावतीची नजर तारेवर वाळत घातलेल्या पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर गेली होती. त्यावर धुऊनही न गेलेला हिरवट डाग होता, वाटोळा, मधे कोरा.

“हे कशाचं?”

“मेंदीचं,” गिरिजा म्हणाली. उठली, तुकडा ओढला, आणि घडी न घालता कमरेला खोचला.

एवढी घाई मेंदीच्या फडक्यासाठी कुणी करत नाही.

३

द्वारकेनं दाखला देव्हाऱ्याखालच्या खणातून आणला. दोन्ही हातांनी, आरतीच्या तबकासारखा.

“बघा, मॅडम. इंग्रजीत है, पण आमच्या ह्यांनी समदं समजावून सांगितलंय.”

प्रभावतीनं वाचला. नैसर्गिक जेडाइट, म्हणजे अस्सल जेड. ‘ए’ प्रकार, म्हणजे आम्लात धुतलेला नाही, राळ भरलेली नाही, रंग चढवलेला नाही. वजन. मापं. पाण्याच्या तुलनेत सव्वातीन पटीहून जड. कोपऱ्यात हिरव्या कड्याचा फोटो, खाली शिक्का.

“ह्यात किंमत लिहिलेली नाही,” ती म्हणाली.

“न्हाई? मंग काय लिवलंय एवढं?”

“दगड कोणता, आणि त्याच्यावर काही प्रयोग केलेत का, एवढंच. मोल दुकानदार सांगतो, कागद नाही.”

द्वारकेचा चेहरा किंचित उतरला, पण लगेच सावरला. “खरा है म्हणतो ना? बस झालं. मॅडम, तुमी त्यांच्या मैत्रीण. तुमी त्यांच्याकडूनच बोलणार.”

“मी बांगडीकडून बोलणार. मला सांगा, ती हिरवी होती असं शेवटचं कुणी पाहिलं?”

“समद्या गावानं! दुसऱ्या दिवशी हळदी-कुंकवाला बायांची रीघ व्हती. धाकट्या देवीच्या हातात कशी चमकत व्हती! एक म्हातारी तर देवीच्या आधी बांगडीच्याच पाया पडली.” सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर अभिमानही. “तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी उतरवली.”

“घरात बाहेरचं कोण आलं होतं?”

“बद्रीनाथ सोनार. थोरल्या देवीच्या नथीचा फासा जोडाया. पण तो पहिल्या दिवशी आल्ता. तवा बांगडी माझ्याच हातात व्हती.”

म्हणजे सोनार सुटला. प्रभावतीनं मनात मोजणी केली आणि तिला ती आवडली नाही. हळदी-कुंकवापर्यंत बांगडी हिरवी होती. त्यानंतर तिला हात लागला तो एकाच बाईचा.

धर्मराज दारात उभा होता. उंच, लाजरा, शर्टाच्या खिशाला पेन. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “वहिनी असं करणाऱ्या न्हाईत. पण बांगडी खरी व्हती, बिलकुल खरी. मंग दुसरं काय समजावं माणसानं?”

४

राजूरला मंदिराच्या वाटेवर बद्रीनाथचं दुकान. उद्याच्या गर्दीसाठी नारळांचे ढीग लागत होते. द्वारका आणि धर्मराज सोबत आले होते. प्रभावतीनंच त्यांना आणलं होतं, नंतर कुणी शंका घ्यायला नको म्हणून.

बद्रीनाथनं फिकी बांगडी नखावर वाजवली. “आमच्या बापाच्या तोंडून ऐकल्यालं, हैदराबादकडं ह्याला यशब म्हणत्यात. नवाबाच्या खंजिराच्या मुठी असायच्या त्याच्या. पण ही यशब न्हाई. ही काच है. म्या पहिल्या दिवशीच बोललो व्हतो.”

“तुमाला बोलायला काय जातं?” द्वारका फणकारली. “तुमच्या दुकानातून घेतली न्हाई, त्याची आग!”

“आग असणारच की! गावचा सोनार उपाशी आन् धर्मराजशेट बँकॉकला!” बद्रीनाथनं ते न लाजता कबूल केलं.

प्रभावतीनं सोड्याची रिकामी बाटली मागितली. बांगडीची आतली कड तिनं काचेवर जोर देऊन ओढली. बाटलीवर पांढरी रेघ उमटली, बांगडीवर ओरखडा नाही.

“काच काचेला अशी कापत नाही. हा दगडच आहे,” ती म्हणाली.

द्वारकेचा श्वास मोकळा झाला. बद्रीनाथ हिरमुसला.

“आता तराजू द्या, आणि रेशमाचा दोरा.”

तिनं बांगडी आधी कोरडी तोलली. मग दोऱ्यानं काट्याला टांगून पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडवली आणि पुन्हा तोलली. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढी हलकी भरते, त्यावरून तिचा जडपणा निघतो. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट, पण दुकानात सगळे श्वास धरून काट्याकडं बघत होते. पाठकोऱ्या कागदावर तिनं गणित केलं. दुसऱ्यांदा केलं.

“पाण्याच्या पावणेतीन पटीलाही पोचत नाही,” ती सावकाश म्हणाली. “दाखला म्हणतो सव्वातीनच्या वर. वजनही जुळत नाही. दाखल्यात आहे ती बांगडी ही नाही.”

“ऐकलं?” द्वारका नवऱ्याकडं वळली. तिच्या आवाजात दुःखापेक्षा विजय जास्त होता. “त्यांच्याच मैत्रिणीनं सांगितलं! बदलली. बराबर बदलली!”

प्रभावतीनं कागदाची घडी केली. सोडवायला आली होती, आणि तिनंच गाठ आवळली होती.

५

परतल्यावर गिरिजानं विचारलं नाही. द्वारकेचा चेहरा तिला दिसला होता. ती माहेरच्या पिशवीत दोन लुगडी भरू लागली.

“गिरजे, अजून वेळ आहे. मला खरं सांग.”

“खरं सांगितलं. बदलली न्हाई.”

“मग फूल उचल.”

“ते तेवढं म्हणू नगं.”

प्रभावती ओसरीच्या खांबाला टेकली. एक बाई माझ्या गळ्याची आण घेते, देवाची घेत नाही. म्हणजे ‘बदलली नाही’ हे खरं, आणि ‘काही केलं नाही’ हे खरं नाही. साळूबाईंनी शपथेचे शब्द नेमके तेच ठेवले होते. मग केलं काय?

अंगणात कासारीण आली होती. चतुर्थीसाठी द्वारका नव्या बांगड्या भरून घेत होती. हाताला साबणाचा फेस, अंगठा तळव्यात दुमडलेला, आणि कासारीण घामाघूम.

“बाई गं, हाड रुंद है तुझं. अडीचच्यासुदिक रडत जात्यात. ह्याच्या खालच्या मापाचं नावच नगं.”

“काच तरी तुटून मोकळी व्हती,” द्वारका कळवळली. “हळू!”

प्रभावती ताठ उभी राहिली. मग तिनं धर्मराजच्या दुकानाचं एक रिकामं खोकं ओढलं, पर्समधली पट्टी काढली, आणि कात्री मागितली.

“दाखला आणा,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांना बोलवा.”

६

सगळे ओसरीवर आले. साळूबाई, धर्मराज, द्वारका, आणि पिशवी पायाशी ठेवून गिरिजा. तिचा नवरा सर्जेराव नुकताच शेतातून आला होता. तो उंबऱ्यावर बसून चपलेचा चिखल काडीनं काढत होता.

प्रभावतीच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, मधे गोल भोक पाडलेला.

“दाखल्यातलं वजन आपण पाहिलं, जडपणा पाहिला. एक आकडा कुणीच पाहिला नाही, मीही नाही. बांगडीचा आतला व्यास. पट्टीनं मोजून तेवढंच भोक पाडलंय. द्वारका, हात घाला.”

द्वारकेनं बोटं आत घातली. अंगठा दुमडला. जोर केला. पुठ्ठा अंगठ्याच्या बुडाशी अडला आणि तिथंच फाटला.

“ही तर लहान पोरीची है,” साळूबाई म्हणाल्या.

“बारीक हाताच्या बाईची. काच तुटते, सोन्याचं कडं उघडतं. दगड ताणला जात नाही. ज्या बांगडीचा हा दाखला, ती ह्या हातात एकदाही गेलेली नाही. आणि संक्रांतीपासून ह्या हातात बांगडी होती, गावानं पाहिलीय. म्हणजे दाखल्यातली बांगडी ह्या घरात आलीच नाही. जी आलीच नाही, ती बदलणार कोण?”

 धर्मराजच्या कपाळावर घाम फुटला.

“दाखला खोटा है, मॅडम?”

“दाखला अगदी खरा आहे. फक्त तो दुसऱ्या बांगडीचा आहे. दुकानात काय झालं ते आठवा. पहिली दाखवली ती लहान होती ना?”

“व्हय. सुंदर व्हती. तिचा कागद त्या पोरीनं माझ्या हातात दिला. म्या म्हणलं, हीच, पण मोठी. ती आत गेली आन् मोठी घिऊन आली. रंग तोच.”

“आणि मोठीचा कागद?”

“त्यो कशाला?” धर्मराजला खरंच कळत नव्हतं. “आमच्यात लॉटचा रिपोर्ट असतो, मॅडम. एका लॉटातलं मूठभर बी तपासाया जातं. पास झालं की त्या लॉटच्या समद्या पिशव्या पास. म्या समजलो, एका लॉटातल्या बांगड्या, एकच दाखला.”

“दगडाला लॉट नसतो, भाऊ. एक दगड, एक दाखला. शाळेत थोरल्याच्या दाखल्यावर धाकट्याचं नाव घालतात का? फोटो, वजन, माप, तिन्ही त्याच नगाशी जुळवून मगच पैसे काढायचे. तुम्हाला दिली ती रंगवलेली गारगोटी. आपल्या बांधावर पडलेली असते ना, तिचीच बहीण.” तिला एक गोष्ट अजून कळली नव्हती. “पण मोठीच पाहिजे हे तुम्हाला परदेशात कसं समजलं? बांगडीचं माप पुरुषाला तोंडपाठ नसतं.”

धर्मराज आईकडं बघून खाली बघू लागला.

“हिची काचेची एक नेल्ती संगं. मापाला. रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात. इमानात फुटंल म्हून खिशावर हात धरून बसलो व्हतो.”

द्वारकेनं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. एवढ्या महिन्यांत त्यानं सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं, ते दगडाच्या बांगडीनं कधी उजळलं नव्हतं.

आणि गिरिजानं ते पाहिलं. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं. सर्जेराव दुसऱ्या चपलेचा चिखल काढत होता.

द्वारका मात्र हट्टाला पेटली. “बरं, खोटी व्हती. मंग रंग कुठं गेला? हीच घालून रोज भांडी घासली, धुणं धुतलं, तवा न्हाई गेला. महालक्ष्म्यांतच कसा गेला? सांगा मॅडम!”

उत्तर प्रभावतीच्या जिभेवर होतं. फडक्यावर एकच वाटोळा डाग होता. बाकी दागिन्यांची एकही खूण नव्हती. म्हणजे बाकीचे दागिने नेहमीसारखे रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतले गेले आणि एकच नग निराळा उकळला गेला. पण ते बोलली तर मैत्रिणीला तीच बुडवणार होती. ती फाटलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागली.

गिरिजानं कमरेचा मांजरपाट काढला आणि द्वारकेपुढं पसरला.

“म्या उकळली,” ती म्हणाली. “धुण्याच्या सोड्यात. एकलीच, फडक्यात बांधून. तिचं हिरवंपण जावं म्हून. माझ्या डोळ्यांपुढून जावं म्हून. मंग फूल कशानं उचलू? बदलली न्हाई, पण काई केलं न्हाई असं कसं म्हणू?”

द्वारकेनं फिकी बांगडी डागावर ठेवली. कड कडेशी बसली.

“बघा!” साळूबाई उसळल्या. “म्हंजे दोष हिचाच! उचल पिशवी!”

“थांबा, आत्याबाई.” द्वारका बांगडीवरून नजर काढत नव्हती. “मॅडम, खरी असती, तर सोड्यानं गेला असता का रंग?”

“नसता. त्या दगडाचा रंग अंगचाच असतो.”

“मंग ह्यांनी बिघडवलं तरी काय? जे नव्हतंच ते?” आणि आता तिला रडू फुटलं. “चोरली असती तर बरं झालं असतं, जाऊबाई. चोरीला गेल्याली वस्तू खरी तरी असती!”

धर्मराज पुढं झाला, पण तिनं हातानं थोपवला. पदरानं नाक पुसलं.

“माहेरी कोणी जात न्हाई,” ती म्हणाली.

“म्हंजे? मी सांगितल्यालं काय मोडायचं?” साळूबाई.

“गावात काय सांगाल? थोरली का गेली? बांगडीपायी. मंग बांगडीचं काय झालं? खोटी निघाली. आन् ज्या म्हातारीनं तिचे पाय धरले, ती हसत बसंल मला! न्हाई. ह्या इथंच राहणार. समद्यांनी तोंड शिवून राहायचं.”

साळूबाईंनी थोडा विचार केला, आणि त्यांनाही ते पटलं. सकाळपासून तसाच पडलेला प्रभावतीचा रिकामा ग्लास उचलून त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चहा कपबशीत होता. गप्प राहणाऱ्या पाहुणीला घरच्या कपाचा मान होता. प्रभावतीनं तो घेतला, पण घरच्यासारखा बशीत ओतला नाही.

“दाखला फाडू का?” द्वारकेनं विचारलं.

“राहू द्या. ह्या कागदाची बांगडी जगात कुठंतरी आहे. बिनकागदाची.”

“असंल एखादीच्या हातात,” द्वारका कागदाकडं बघत म्हणाली. “आन् तिचीबी जाऊ असंल. सोडा घिऊन बसल्याली.”

गिरिजाला हसू आवरलं नाही.

“हसू नका. माजा राग गेल्याला न्हाई, जाऊबाई.”

“माजा तरी कुठं गेला?” गिरिजानं पिशवीतली लुगडी काढून मांडीवर घेतली. तिची नजर दिराच्या शर्टाच्या खिशावर होती. “दगड उकळला गं. ती खिशातली काचेची आता कशात उकळू?”